पत्ता १६९ ने सुरू होतो, म्हणजे नेमकं काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : घरचं नेट

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : वायफायच्या रेघा पूर्ण भरलेल्या, पण नेट नाही. आणि बहुतेकांनी आधी राउटर बंद-चालू केला, मग रिसेटच्या भोकात टाचणी घातली, मग आम्हाला लिहिलं. क्रम उलटा हवा. संगणकाला मिळालेला आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) वाचायला अर्धा मिनिट लागतो. दोष घरात आहे की बाहेर, वायरीत आहे की सेटिंगमध्ये, हे पुष्कळदा त्या आकड्यांवरूनच कळतं. टाचणी मात्र कनेक्शनचा युजरनेम आणि पासवर्डही पुसून टाकते. मग ज्याला बोलवायचं टाळत होता, त्याला बोलवावंच लागतं.

आज्ञा आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करावेत.

प्रश्न : आमच्याकडे लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते. परत आल्यावर मोबाइलवर वायफाय चालतं, वायरीनं जोडलेल्या डेस्कटॉपवर मात्र नेट येत नाही. आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्डवरचं लॅन (नेटची वायर लावायचा भाग) गेलं, वेगळं कार्ड घाला. घालावं का? (शिक्षक, बार्शी)

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही लिहिलेल्या त्या पाच-सहा आकड्यांतच निम्मं निदान आहे.

वायर लागली की संगणक नेटवर्कवर हाक मारतो : पत्ता देणारं कुणी आहे का? राउटर उत्तर देतो आणि चार गोष्टी हातात ठेवतो. आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क म्हणजे पत्त्याचा कोणता भाग घरच्या नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, गेटवे म्हणजे खुद्द राउटरचा पत्ता, आणि डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा. या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. हाकेला उत्तर आलं नाही, तर विंडोज १६९.२५४ च्या पट्ट्यातला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतं. हा पट्टा त्याच कामासाठी राखलेला आहे. त्या पत्त्यावरून शेजारच्या तशाच यंत्राशी बोलता येतं, पण गेटवे नसल्यामुळे बाहेर जाता येत नाही.

आता कार्डाचं पाहू. लॅन पूर्ण गेलं असतं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसलं नसतं, किंवा ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असा शेरा आला असता आणि पत्त्याची ओळच दिसली नसती. १६९ चा पत्ता दिसतो, म्हणजे ड्रायव्हर चालू आहे आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला एखादं जिवंत यंत्र आहे. फक्त पत्ता देणाऱ्याचं उत्तर पोचलेलं नाही.

लाइट आल्यावर का घडतं, तेही सरळ आहे. एसएसडी असलेला डेस्कटॉप वीस-पंचवीस सेकंदांत उभा राहतो. फायबरची डबी आणि राउटर पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात. मध्ये छोटा नेटवर्क स्विच (एका वायरीच्या अनेक करणारा डबा) असेल, तर तो लगेच चालू होतो. त्यामुळे संगणकाला वायर ‘जोडलेली’ दिसते, तो हाक मारतो, आणि राउटर अजून झोपेतच असतो. विंडोज त्यानंतर साधारण दर पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतं. ‘थोड्या वेळानं आपोआप येतं’ असं बरेच जण लिहितात, त्यामागचं कारण हेच.

वाट पाहायची नसेल, तर विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, सीएमडी टाइप करून एंटर करा. काळ्या चौकटीत आधी ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’, मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’. राउटरचे दिवे स्थिर झाल्यानंतरच हे करा. पत्ता बदलून १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा झाला, की काम झालं. दर वेळी हाच त्रास होत असेल, तर संगणकाच्या आधी राउटरला बॅटरी द्या. वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस पुरतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, बहुधा १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. जॅकचं धन-ऋण चिन्हही जुळलं पाहिजे. फायबरची डबी वेगळी असेल, तर तिलाही त्याच यूपीएसवरून वीज द्या, नाहीतर राउटर जिवंत आणि लाइन मेलेली, अशी गंमत होते.

रिन्यू केल्यावरही ‘डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ असा संदेश आला, तर पुढची पायरी. मोबाइलला वायफायवर पत्ता मिळतो आहे, म्हणजे राउटरचा डीएचसीपी चालू आहे. राहिली वायर, राउटरमागचा तो एक पोर्ट आणि संगणक. वायर राउटरच्या दुसऱ्या पोर्टात घाला. विजेच्या झटक्यानं पोर्ट एकेकटे जळतात, त्यामुळे शेजारचा चांगला असू शकतो. मग दुसरी, छोटी, खात्रीची वायर लावून पाहा.

तरीही नाही, तर एक चाचणी फार उपयोगी आहे. मोबाइलच्या वायफाय तपशिलात गेटवे कोणता दिसतो ते बघा. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. संगणकात सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट या वाटेनं जाऊन ‘आयपी असाइनमेंट’ मॅन्युअल करा आणि आयपीव्ही४ चालू करून १९२.१६८.१.२४० हा पत्ता, २५५.२५५.२५५.० हा मास्क आणि तोच गेटवे भरा. विंडोज १० तिथे मास्कऐवजी ‘सबनेट प्रीफिक्स लेंग्थ’ मागतं, त्यात २४ लिहा. पुष्कळजण तिथे २५५ चे आकडे घालतात आणि सेटिंग जतनच होत नाही. मग काळ्या चौकटीत ‘पिंग १९२.१६८.१.१’ (पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं). उत्तर आलं, तर वायर, पोर्ट आणि लॅन ठणठणीत आहेत. दोष पत्ता मागण्याच्या व्यवहारात आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं, तर दोष तारेत किंवा पोर्टात. चाचणी झाली की सेटिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा. हे विसरलं, की महिन्याभरानं खाली कोल्हापूरच्या वाचकांना आलेला प्रश्न तुम्हालाही येतो.

पिंग चालतं पण आपोआप पत्ता मिळत नाही, याची दोन कारणं वारंवार सापडतात. पहिलं, मुदत संपलेला अँटिव्हायरस. त्याची फायरवॉल अर्धवट अवस्थेत राहते आणि डीएचसीपीचं उत्तर आत येऊ देत नाही. तो नुसता बंद करून भागत नाही, पूर्ण काढून रिस्टार्ट करावा लागतो. दुसरं, ‘डीएचसीपी क्लायंट’ ही सर्व्हिस बंद पडलेली. सर्व्हिसेसच्या यादीत ती ‘रनिंग’ आणि ‘ऑटोमॅटिक’ हवी. दोन्ही ठीक असतील, तर सीएमडी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ आणि ‘नेटएसएच इंट आयपी रिसेट’ या दोन आज्ञा द्या आणि रिस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था जशीच्या तशी डिस्कवर साठवली जाते आणि तोच दोष घेऊन संगणक पुन्हा उठतो.

एवढं सगळं करून गेटवेला पिंग जात नसेल आणि त्याच वायरीवर, त्याच पोर्टावर दुसरा लॅपटॉप चालत असेल, तेव्हा दुरुस्तीवाल्याचं ऐका. तेव्हाही मदरबोर्ड बदलायचा नाही. यूएसबीला लावायचा लॅन अ‍ॅडॉप्टर पुरतो.

प्रश्न : रोज कधीतरी ‘आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट’ असा संदेश येतो आणि नेट जातं. घरात दोन संगणक, एक प्रिंटर, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, शिवाय सगळ्यांचे मोबाइल आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : एकच पत्ता दोन यंत्रांकडे गेला आहे. पहिला संशय डीव्हीआरवर घ्या, दुसरा प्रिंटरवर. बसवणारा माणूस या यंत्रांमध्ये पत्ता हातानं टाकून जातो आणि राउटरला त्याची खबरच नसते. डीव्हीआर १९२.१६८.१.१०५ वर बसलेला आणि राउटर १०० ते १९९ हे आकडे वाटतो आहे, असं असेल, तर कधी ना कधी तो १०५ एखाद्या मोबाइलला किंवा तुमच्या संगणकाला देणारच.

कोण ते शोधायचं असेल, तर तुमच्या संगणकाची वायर काढा आणि दुसऱ्या संगणकावरून त्याच पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं, तर चोर अजून जागेवर आहे. लगेच ‘एआरपी -ए’ ही आज्ञा द्या. त्या पत्त्यासमोर त्या यंत्राची स्वतःची ओळख असलेला बारा अक्षर-आकड्यांचा मॅक अ‍ॅड्रेस दिसेल. डीव्हीआर आणि प्रिंटरच्या तळाच्या लेबलांवर मॅक छापलेला असतो, तो ताडून पाहा.

उपाय दोन. राउटरच्या लॅन किंवा डीएचसीपी पानावर पट्टा १०० ते १९९ ठेवा आणि हातानं दिलेले पत्ते २ ते ९९ मध्येच ठेवा. किंवा, आणि आम्हाला हेच पसंत आहे, सगळी यंत्रं ऑटोमॅटिकवर आणा आणि राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्वेशन’ करा : अमुक मॅकला कायम अमुक पत्ता. सगळा हिशेब एका जागी राहतो, आणि पुढे राउटर बदलला तरी डीव्हीआर जुन्या गेटवेला चिकटून बसत नाही. मोबाइलसाठी मात्र रिझर्वेशनच्या भानगडीत पडू नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खऱ्याऐवजी बनावट मॅक दाखवतो. नेटवर्क ‘फर्गेट’ केलं, तर तो बदलूही शकतो.

प्रश्न : फायबरची डबी हॉलमध्ये आहे. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून जुना राउटर वायरीनं जोडला. तेव्हापासून कधी प्रिंटर सापडत नाही, कधी नेटच जातं. (डोंबिवली)

उत्तर : घरात पत्ते वाटणारे दोन जण झाले आहेत. त्यात दोघांचाही पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ च असेल. ज्या यंत्राची हाक ज्याला आधी ऐकू येते, त्याचा पत्ता ते घेतं. जुन्या राउटरनं दिलेल्या पत्त्यासोबत गेटवे म्हणून त्याचंच नाव येतं आणि त्याच्या मागे इंटरनेट नाही. म्हणून ‘कधी’.

जुन्या राउटरला नुसतं वायफाय पसरवण्याच्या कामाला लावा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल, तर तो निवडा, संपलं. नसेल, तर हातानं करा. डबीला जोडलेली वायर आधी काढा. संगणक एकट्या जुन्या राउटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडा. वायफायचं नाव आणि पासवर्ड आधी ठरवून घ्या. मग लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा सुरू होईल, नव्या पत्त्यावर परत आत शिरा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण डीएचसीपी गेला की तुमच्या संगणकाला तिथून पत्ता मिळणार नाही आणि राहिलेली सेटिंगं करता येणार नाहीत. आता डबीकडून आलेली वायर जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात घाला. वेगळ्या रंगाचा, इंटरनेटची लाइन लावायचा वॅन पोर्ट मोकळा सोडा.

२.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. इमारतीत दाटी असेल, तर ज्यांना जमेल त्यांनी ५ गिगाहर्ट्झ वापरावं. वेग जास्त, पण भिंतीपलीकडे ते लवकर थकतं.

प्रश्न : आईवडील सांगलीला एकटे असतात. घरी कॅमेरे आणि डीव्हीआर आहे. गावाच्या ऑपरेटरनं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून थेट डीव्हीआरकडे सोडणं) करून दिलं, घरात वायफायवर कॅमेरे दिसतात, पण मला इथून दिसत नाहीत. (न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : सांगलीच्या घरी कुणाला तरी दोन आकडे बघायला सांगा. एक, राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, कोणता आहे. दोन, त्याच घरच्या वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं गूगलवर शोधलं, तर कोणता दिसतो. दोन्ही सारखे असतील, तर पोर्ट फॉरवर्डिंग चालायला हवं. वॅन आयपी १०० ने सुरू होत असेल आणि त्यातला पहिल्या टिंबानंतरचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा तो १० ने सुरू होत असेल, तर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येणार नाही.

कारण त्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले आणि आशिया-पॅसिफिकचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव हिश्शावर आला. तेव्हापासून इंटरनेट कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. सोसायटीचा पत्ता एक आणि आत शंभर फ्लॅट, पण गेटवर नावांची पाटी नाही, असा तो प्रकार. आतून बाहेर पत्र जातं आणि त्याचं उत्तरही येतं. बाहेरून आपणहून आलेल्याला कुणाकडे सोडायचं हे गेटला कळत नाही. यालाच सीजीनॅट म्हणतात, आणि १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून त्याच्यासाठी वेगळा ठेवला आहे.

सोपा मार्ग : डीव्हीआरचं कंपनीचं अ‍ॅप आणि त्याच्या मेन्यूतला क्यूआर कोड. यात डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरला भेटतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. त्यासाठी डीव्हीआरला स्वतःला इंटरनेट मिळालं पाहिजे. इथेच बहुतेकदा घोडं अडतं. बसवताना टाकलेला गेटवे १९२.१६८.०.१, मध्यंतरी ऑपरेटरनं डबी बदलली आणि नवा गेटवे १९२.१६८.१.१. मग डीव्हीआर ‘ऑफलाइन’ दाखवत राहतो. नेटवर्क मेन्यूमध्ये डीएचसीपीवर टिचकी मारा, डीएनएसचे रकाने रिकामे नाहीत ना ते बघा, आणि पत्ता राउटरमध्ये रिझर्व्ह करा.

दुसरा मार्ग म्हणजे ऑपरेटरकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, विकत घेणं. तो घेतलात, तर एक गोष्ट टाळू नका : डीव्हीआरचा मूळचा पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर असेच कंपनीचे पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या साइट पाडल्या होत्या. सार्वजनिक पत्त्यावर उघडा पडलेला डीव्हीआर कुणीतरी ठोठावून बघायला फार वेळ लागत नाही. घरी एखादा संगणक कायम चालू असेल, तर पोर्ट उघडण्यापेक्षा त्यावर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट, लावणं कधीही बरं.

प्रश्न : प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. मोबाइलवर वायफायला २५० च्या पुढे वेग दिसतो, वायरीवरच्या संगणकाला ९४ च्या वर जातच नाही. (चिपळूण)

उत्तर : ९४-९५ हा आकडा दिसला, की लिंक १०० वर लागली आहे असं समजा. इथरनेटच्या गुणधर्म पानावर ‘लिंक स्पीड’ बघा, १००/१०० असेल. १०० च्या वेगाला वायरीतल्या आठपैकी चारच तारा लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक जरी तार तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही, तरी नेट चालत राहतं, फक्त वेग मुकाट्यानं खाली येतो.

आधी वायरीवरची छपाई वाचा. कॅट ५ई किंवा कॅट ६ हवं. काही स्वस्त तयार वायरींत मुळात चारच तारा असतात, जॅक पारदर्शक असल्यामुळे ते डोळ्यांनी दिसतं. कोकणात दुसरा संशय गंजाचा : जॅकच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर आला असेल, तर पुसत बसू नका, दोन्ही टोकं कापून नवे जॅक मारा. क्लिप मागच्या बाजूला, पट्ट्या आपल्याकडे आणि वायर खाली लोंबती धरली, तर डावीकडून रंग असे : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. वरचं प्लास्टिकचं आवरण जॅकच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते.

शेवटी डबीवरचे पोर्ट बघा. काही डब्यांना एकच पोर्ट ‘जीई’ असतो आणि बाकीचे ‘एफई’, म्हणजे १०० चेच. वायर चुकीच्या पोर्टात असेल, तर इतका खटाटोप कशाला.

प्रश्न : पत्ता बरोबर मिळतो, १९२.१६८ चा. ‘पिंग ८.८.८.८’ ला उत्तर येतं. ब्राउझरमध्ये मात्र साइट उघडत नाहीत. (मडगाव, गोवा)

उत्तर : वाट मोकळी आहे, अडथळा तिच्यापुढे आहे. आता नावाला पिंग करा, गूगल डॉट कॉम. ‘होस्ट सापडला नाही’ आलं, तर नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस बिघडला आहे. इथरनेट किंवा वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस हातानं १.१.१.१ आणि ८.८.८.८ करा, मग ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल, तर त्याचा डीएनएस वेगळा असतो आणि विंडोज त्याच्याकडे विचारत राहू शकतं. म्हणून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मध्ये डीएनएसच्या सगळ्या ओळी वाचा.

नावालाही पिंग जातं आणि तरी ब्राउझर अडतो, तर सेटिंग्जमधलं ‘प्रॉक्सी’ (मधला दलाल सर्व्हर) पान उघडा. ‘यूझ अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू आणि पत्ता १२७.०.०.१ असेल, तर हे बहुतेकदा फुकटच्या एखाद्या सॉफ्टवेअरचं देणं असतं. ते बंद करा आणि ते सॉफ्टवेअरही काढा, नाहीतर पुन्हा चालू होईल.

‘कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा प्रत्येक साइटवर येत असेल, तर घड्याळ बघा. तारीख मागे गेली असली, की सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी संपलेली असते. लाइट गेली की घड्याळ विसरतं. बॅटरी स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळते.

आणि काहीच साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, असं असेल आणि तुमचं कनेक्शन युजरनेम-पासवर्डचं म्हणजे पीपीपीओईचं असेल, तर ‘पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८’ करून पाहा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी ठेवतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. त्यातले २८ शीर्षकांचे गेले, की १४६४. याला ‘फ्रॅगमेंट करावं लागेल’, म्हणजे पाकीट तोडावं लागेल, असं उत्तर आलं, तर आकडा दहा-दहानं कमी करत जा. जिथे उत्तर येईल, त्यात २८ मिळवून राउटरच्या एमटीयूमध्ये (एका पाकिटाची कमाल मर्यादा) तेवढा आकडा लिहा.

प्रश्न : डबीवर लाल दिवा लुकलुकतो, ‘एलओएस’ लिहिलं आहे. संगणकात काय बदलू? (परभणी)

उत्तर : काहीही नाही. प्रकाशच डबीपर्यंत येत नाही. पिवळी बारीक वायर दारात चेपली गेली आहे का, खिळ्याभोवती काटकोनात वळली आहे का, एवढं बघा. हिरवा कनेक्टर खटका वाजेपर्यंत आत आहे ना, तेही. टोक काढून त्यात डोळा घालू नका, तो लेझर असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. बाकी ऑपरेटरचं काम. माणूस आला, की त्याच्या मीटरचा आकडा विचारा. घरच्या फायबरला उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे २७ सगळ्यात क्षीण) मध्ये आकडा हवा. उणे २६ वर ‘चालू झालं’ म्हणून तो निघाला, तर थांबवा आणि जोड पुन्हा मारायला लावा, कारण एवढ्या काठावरची लाइन पहिल्या पावसात जाते.

प्रश्न : जुना संगणक काढून नवा घेतला. केबलवाल्याची तीच वायर, तोच पासवर्ड, तरी ६९१ ही एरर येते. (नांदेड)

उत्तर : ६९१ म्हणजे समोरच्या सर्व्हरनं तुम्हाला नाकारलं. पासवर्ड पुन्हा टाइप करा, लहान-मोठी अक्षरं सांभाळून. रिचार्जची मुदत तपासा. जुना संगणक नीट डिस्कनेक्ट न करता बंद केला असेल, तर सर्व्हरवर तुमचं जुनं सत्र अजून उघडं असतं, दहा-पंधरा मिनिटं थांबून पाहा.

तरीही नाकारत असेल, तर ऑपरेटरनं कनेक्शन जुन्या संगणकाच्या मॅकला बांधलेलं असणार. छोट्या ऑपरेटरांकडे ही रीत अजून आहे. फोन करून ‘मॅक रिसेट करा’ म्हणा. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मधला नवा ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ वाचून दाखवायची तयारी ठेवा. मात्र तो इथरनेटचा वाचा. त्याच यादीत वायफायचा आणि ब्लूटूथचाही असतो, आणि चुकीचा सांगितलात तर उद्या पुन्हा हाच फोन. ६९१ ऐवजी ६५१ येत असेल, तर पासवर्डपर्यंत बोलणंच गेलेलं नाही. तेव्हा आधी वायर आणि तिचा जॅक तपासा.